कोरा गठ्ठा

पूर्वी आमच्या ऑपरेशन थेटरात पाकीट फाडल्याचा आवाज यायचा. निळ्या कागदाचे गाऊन, निळ्या कागदाच्या चादरी, सगळं बंद पाकिटात. सिस्टर ते पाकीट पेशंटच्या डोळ्यांसमोर फाडायची आणि पेशंटचा चेहरा जरा सैल व्हायचा. मी तेव्हा थेटराबाहेरची फरशी पुसायचे. दारातून मला ते दिसायचं. आपल्या आधी हे कोणाच्या अंगाला लागलेलं नाही, एवढं कळलं की माणसाला बरं वाटतं. आमच्या अकोल्यात लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाण्याच्या बाटलीचं बूच आधी नीट बघून घेतात.

मग ती पाकिटं बंद झाली.

एका शनिवारी दुपारी डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. सिस्टर, वॉर्डबॉय, आम्ही मावश्या, सगळे. साहेब पोटाची ऑपरेशनं करतात. त्यांनी टेबलावर पिवळ्या पिशव्या मांडून ठेवल्या होत्या. त्या सकाळी मीच बांधल्या होत्या म्हणून मला एकदम लाज वाटली, जणू माझ्या घरचा कचरा कोणी चौकात आणून ठेवला.

साहेब म्हणाले, "हा फक्त एका ऑपरेशनचा कचरा आहे. हे सगळं गावाबाहेरच्या भट्टीत जाळतात. त्याचा धूर वर जातो. भुलीचा एक गॅस आहे, तो तर गाडीच्या धुरापेक्षाही वाईट. आपण माणसं बरी करतो आणि हवा आजारी पाडतो. यातलं जेवढं टाळता येईल तेवढं टाळायचं. पण एक लक्षात ठेवा, पेशंटला त्रास होईल असं काहीही टाळायचं नाही. उलट तो लवकर बरा झाला पाहिजे."

ते मधूनमधून कार्बन म्हणत होते. मला कार्बन म्हणजे पावतीपुस्तकातला काळा कागद माहीत होता. धूर मात्र माहीत होता.

बाहेर आल्यावर वाफेच्या मशीनवरचे चाचा म्हणाले, "साहेब अकोल्याचं ऊन थेटरातून कमी करून राह्यले. आता मे महिन्यात पाहू, बाई, पंखा लागते का नाई."

चाचा जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर होते. आमच्या दवाखान्यात ते वाफेचं मशीन चालवतात, ज्यात थेटराचे कपडे आणि हत्यारं वाफेनं निर्जंतुक होतात. सगळ्यांशी बोलणारे तेच. मी कोणाशी बोलत नाही. बोलायचं ठरवून गेले तरी समोर माणूस आला की मी फडकं उचलून कामाला लागते. पण मी बघते. चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, आणि बघायला तर शाळा लागत नाही.

मी जे बघितलं ते मला आवडलं नाही. कागदाच्या जागी हिरवं सुती कापड आलं, धुवायचं आणि पुन्हा वापरायचं. हत्यारांचे ट्रे लहान झाले. थेटर रिकामं असलं की एसी बंद. भूल देणाऱ्या बाईंनी तो एक गॅस वापरणंच सोडलं आणि होईल तिथे कमरेत सुई द्यायला लागल्या. पेशंटला सारख्या तपासण्यांसाठी चकरा मारायला लावायचं बंद झालं. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी घरी.

सगळे म्हणत, किती छान. मी मनात म्हणत होते, वाचवायचं म्हटलं की गरिबाच्या ताटातलंच वाचवतात. धूर कमी करायचा होता तर साहेबांची मोठी गाडी का अजून दारात उभी असते?

माझ्या संशयाला कारण होतं. आमच्या आईचं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन अमरावतीला झालं होतं. खूप वर्षं झाली. तेव्हा सगळीकडे कापडच असायचं. तिची जखम पिकली आणि पिकतच राहिली. मी आणि माझी धाकटी बहीण आळीपाळीनं पट्टी बदलायचो. एक उकळलेलं पाणी ओतायची, दुसरी पट्टी सोडवायची. त्या पट्टीचा वास मला आजही कुठल्याही वासात ओळखता येईल. जखम का पिकली, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. डॉक्टर खोलीत आले की आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहायचो. आई त्यातून कधी पुरती उठली नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की हे कापडानं झालं. कोणाच्या तरी अंगावरचं कापड माझ्या आईच्या अंगावर घातलं.

आणि आता तेच कापड माझ्या हातात आलं.

कापड वाढलं तसं काम वाढलं. मोठ्या सिस्टरांनी मला फरशीवरून काढून कपड्यांच्या खोलीत घातलं. मोठ्या सिस्टर म्हणजे थेटराच्या मुख्य. बार्शीटाकळीच्या आहेत, आवाज मोठा, चाल जोरात. म्हणाल्या, "मावशी, तुमचा हात साफ आहे. घडी तुम्हीच घालायची."

माझ्याबरोबर अजून एक बाई होती, माझ्यापेक्षा लहान, नवीनच लागलेली. धुऊन वाळलेलं कापड खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर पसरायचं. कुठे टाचणीएवढंही भोक दिसलं तर ते कापड बाजूला काढायचं. मग घडी. ती घडी साधी नसते. लुगड्याच्या निऱ्यांसारखी एकावर एक, आणि टोकं अशी बाहेर ठेवायची की डॉक्टरांनी दोन टोकं धरून ओढलं की कापड आपोआप उलगडत जावं, कुठे हात लागू नये. मला ती दोन दिवसांत जमली. मग सगळ्या कपड्यांचा गठ्ठा बांधायचा, मधोमध एक कागदी पट्टी ठेवायची, बाहेरून चिकटपट्टी लावायची आणि चिकटपट्टीवर बांधणाऱ्यानं आपलं अक्षर घालायचं.

ते अक्षर घालताना माझा हात थांबायचा. उद्या काही झालं की ते अक्षर दाखवतील, म्हणतील, हिनं बांधला होता. चौथी शिकलेल्या बाईला असं काम उगाच कोणी देत नाही, ढकलायला कोणीतरी लागतं म्हणून देतात. मी अक्षर असं काढायचे की ते माझंही वाटावं आणि कोणाचंही.

त्या दोन पट्ट्यांचं चाचांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. मशीनमधून गठ्ठा निघाला की बाहेरच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटतात.

"ही बाहेरची पट्टी इतकंच सांगते का गठ्ठा मशीनमंदी जाऊन आला," चाचा म्हणाले. "हज करून आला असं सांगणारे लय असतात. आतली पट्टी काळी झाली म्हणजे समजा, वाफ दिलापर्यंत पोचली."

"आतली कोण पाहते?" मी विचारलं. चाचांशी मी एवढं बोलू शकत होते, ते माझ्याकडे न बघता बोलत म्हणून.

"मोठ्या सिस्टर. पेशंटले सुई द्यायच्या आधी गठ्ठा खोलतात, पट्टी पाहतात. काळी नसंल तर गठ्ठा बाद."

मी मान हलवली. पण बाद झालेला गठ्ठा मी तोपर्यंत एकदाही परत आलेला बघितला नव्हता. मग एवढं बघतात ते खरं कशावरून? आमच्या इथे बरंच काही नुसतं बघितल्यासारखं करतात.

एक वहीही होती. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक माणसाला आठव्या दिवशी फोन करायचा आणि महिन्यानं पुन्हा करायचा, जखम कशी आहे विचारायचं आणि वहीत लिहायचं. एका दुपारी मोठ्या सिस्टर जेवायला गेल्या तेव्हा मी ती उघडली. मला वाटलं होतं सगळीकडे "कोरडी, कोरडी" लिहिलेलं असेल. बरंचसं तसंच होतं. पण मधे एका ठिकाणी लिहिलं होतं, "पाणी येते, बोलावले." अजून एका ठिकाणी, "पू. तीन दिवस पट्टी. आता बरे." मी ती वही मिटली. खरं लिहितात म्हणावं, तर मग खरंच पू होतो. खोटं लिहितात म्हणावं, तर पू कशाला लिहिला? मला काही ठरवता आलं नाही आणि ते मला जास्तच खुपलं.

अशात माझ्या बहिणीचा फोन आला.

ती नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे. ताके उचलून उचलून तिच्या बेंबीपाशी गोळा यायला लागला होता. उभी राहिली की बाहेर, आडवी झाली की आत. अमरावतीत दाखवलं तर हर्निया म्हणाले, आत जाळी बसवावी लागेल.

"मी तुह्याच दवाखान्यात येतो, ताई," ती म्हणाली.

"अमरावतीत काय दवाखाने नाईत?"

"हायेत ना. पण तिथं मही बहीण नाई."

मी म्हटलं, इथे गर्दी असते. ती म्हणाली, असू दे. मी म्हटलं, येण्याजाण्याचा त्रास होईल. ती म्हणाली, "काहून वं, मी आली तर तुह्या पोटात काहून दुखून राह्यलं? हर्निया मले झाला का तुले?"

मग मी काय सांगणार? मी जिथे काम करते तिथल्या कापडाला मी स्वतः घाबरते, हे सांगायला मला तोंड नव्हतं. जाळी म्हणजे बाहेरची वस्तू. ती जर पिकली तर आईसारखं होईल, आणि आता उकळलेलं पाणी ओतायला मी एकटी.

ती आली. साहेबांनी तपासलं, एकदोनच तपासण्या लिहून दिल्या, आणि त्या तिथल्या तिथे करून तारीखही दिली. बहीण खूश, एकाच चकरेत काम झालं. मला ते बरोबर वाटलं नाही. आईच्या वेळी केवढे कागद गोळा केले होते. आणि ऑपरेशनच्या सकाळी साखरेचं पाणी प्यायला सांगितलं, दोन तास आधीपर्यंत चालेल म्हणे. उपाशी ठेवतात हे जगाला माहीत आहे.

"बाकीच्याईले उपाशी ठेवतात, तुले पाणी पाजून राह्यले," मी म्हटलं.

"मग चांगलं हाय ना. तू त काय घरातूनच उपास धरून आल्यासारखं तोंड करून बसली."

आता ते कपाटाचं. कपड्यांच्या खोलीत एक पत्र्याचं कपाट आहे. त्यात आठ-दहा दिवसांपासून नवीन शिवून आलेली कापडं पडून होती. हिरवीगार, कडक, एकही डाग नाही. माझ्या टेबलावर येणारी कापडं धुऊन धुऊन पोपटी पडलेली, आणि ही नवी कपाटात बंद. मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "नवीन कपडे धुतल्याशिवाय घ्यायचे नाहीत." मी तेव्हाच मनात हसले होते. कोरं कापड कोणी धुऊन वापरतं का? लग्नातलं कोरं, देवाचं कोरं, माणूस गेलं तरी त्याच्यावर घालायचं ते कोरं. जे सगळ्यांत शुद्ध तेच यांना धुवायचं? मला कळलं होतं ते असं, की वरच्या मजल्यावर स्पेशल खोल्या आहेत, तिथे मोठी माणसं येतात, त्यांच्यासाठी ही कापडं राखून ठेवली आहेत. धुण्याचं नुसतं निमित्त.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, बरोबरची बाई चहाला गेली तेव्हा, मी कपाटातून एक पूर्ण संच काढला. चादरी, गाऊन, टॉवेल. माझ्या बहिणीच्या अंगावर आधी कोणाचं रक्त लागलेलं कापड पडणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दिव्यावर धरायचीही गरज नव्हती. घड्या घातल्या. कडक कापडाच्या घड्या काय सुंदर बसतात! मग मधोमध कागदी पट्टी ठेवून एक टॉवेल जास्त घातला, अजून एक घातला, आणि गठ्ठा ओढून घट्ट बांधला, हवासुद्धा आत जाऊ नये असा. मला वाटलं, हवा गेली नाही तर जंतू कुठून जाणार.

आणि अजून एक केलं. नवं कापड पहिल्यांदा अंगाला लावायच्या आधी आमच्याकडे टोकाला हळदीचं बोट लावतात. तसं न लावता नवं कापड घालू नये म्हणतात. डब्यासोबत मी घरून हळदीची पुडी आणली होती. सगळ्यांत मोठ्या चादरीच्या एका टोकाला, आतल्या बाजूला, मी एक बोट लावलं. चिकटपट्टीवर तारीख घातली. अक्षर घातलं नाही.

चाचांनी गठ्ठा उचलला. "आज भल्ला जड बांधला, बाई. आत काय दगडं भरले?"

मी पाठ फिरवून दुसरी चादर दिव्यावर पसरली. संध्याकाळी मशीनमधून गठ्ठा निघाला तेव्हा चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या होत्या. मी तो बाकीच्यांपासून वेगळा, खिडकीजवळ ठेवला. सकाळी थेटरात गठ्ठे मीच खिडकीतून देते.

सकाळी बहीण हिरवा झगा घालून चालत थेटरात गेली. दारात वळून मला म्हणाली, "ताई, हा झगा पाह्यला का? आमच्या कारखान्यात असा ताका बाद करतात." मी खिडकीतून माझा गठ्ठा दिला. मग काचेतून बघत उभी राहिले. भूल देणाऱ्या बाईंनी तिला टेबलावर बसवून पुढे वाकायला सांगितलं होतं, सुई अजून दिली नव्हती. मोठ्या सिस्टरांनी गठ्ठा उघडला. माझ्या घड्या एकेक उलगडल्या. मधली पट्टी त्यांनी उचलली आणि उजेडात धरली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सुई देऊ नका."

पट्टी पांढरीच होती.

त्या खिडकीशी आल्या. "हा गठ्ठा कोणी बांधला? याच्यावर अक्षर नाही."

माझ्या शेजारची बाई एकदम म्हणाली, "मी नाई, सिस्टर. आईची शपथ, मी नाई." तिचे डोळे भरून आले होते. नवीन लागलेली, दोन लेकरांची आई.

"अवं, रडतेस काय? मी विचारते आहे." सिस्टर मागे वळल्या. "साहेब, वाफ आत पोचलेली नाही. मशीन बिघडलं असेल तर कालचे सगळे गठ्ठे बाद करावे लागतील. आजची सगळी ऑपरेशनं पुढे ढकला."

साहेबांनी डोक्याला हात लावला. बाहेर बाकावर अजून तीन माणसं बसलेली होती. एक म्हातारा पहाटेच्या एसटीनं आला होता. आणि टेबलावर माझी बहीण वाकून बसलेली, पाठ उघडी. तिला घरी पाठवलं असतं तर ती परत कधी आली असती? कारखान्यातून सुट्टी तिला किती मुश्किलीनं मिळाली होती, मला माहीत होतं. गोळा तसाच घेऊन ती परत ताके उचलायला गेली असती.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं.

"मशीन चांगलं हाय," मी म्हटलं. "गठ्ठा मी बांधला. कोरा हाय."

"कोरा म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"कपाटातला. न धुतलेला. मह्या बहिणीसाठी."

सगळे माझ्याकडे बघत होते. एवढे डोळे माझ्यावर माझ्या लग्नातसुद्धा नव्हते. सिस्टरांनी चादर उलटी केली आणि ते टोक त्यांच्या हातात आलं.

"आणि हे पिवळं काय आहे?"

"हळद."

टेबलावरून बहिणीनं वाकल्या वाकल्या मान वळवली. "काय केलं वं ताई तू? मले हळद लावून राह्यली का? एक लगन झालं ना मह्यं!"

भूल देणाऱ्या बाई हसल्या. साहेब हसले नाहीत, पण ओरडलेही नाहीत. म्हणाले, "कालचा दुसरा एखादा गठ्ठा उघडा." मी धुतलेल्या, पोपटी पडलेल्या कापडांचा एक गठ्ठा खिडकीतून दिला. सिस्टरांनी उघडला, पट्टी काढली आणि या वेळी ती मुद्दाम काचेला लावून मला दाखवली. काळी कुळकुळीत.

मग त्या जुन्या कापडाखाली माझ्या बहिणीचं ऑपरेशन झालं. मी भिंतीला टेकून उभी होते. आईच्या वेळी उभी राहायचे तशीच.

दुपारी चाचा माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "नव्या कापडाले गिरणीतून खळ लागून येते. त्याच्यात वाफ घुसत नाई. त्यात तुमी बांधला असा का भूतही घुसलं नसतं. दोनतीन पाण्यातून काढला का धागा मोकळा होते, मंग वाफ जाते." थोड्या वेळानं म्हणाले, "मी उचलला तवाच मले समजाले पायजे होतं. मीबी गधाच."

मोठ्या सिस्टर बोलल्या ते संध्याकाळी. मला वाटलं, काढून टाकतील. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचा आमच्यावर भरवसा नाही हे मला कधीचं दिसत होतं. संशय घ्या. पण तोंडावर घ्या. गुपचूप गठ्ठा बांधून नाही. आज मी पट्टी बघितली नसती तर?"

त्या दिवशी एकदा तोंड उघडलं होतं, म्हणून पुन्हा उघडलं. "मग कोरे कपडे कपाटात काहून ठेवले होते? कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? धुण्याचं मशीन गळत होतं ना! रोजचेच कपडे कसेबसे निघत होते. नवीन कधी धुणार?"

मशीन गळत होतं हे खरं होतं. खालची फरशी ओली मीच बघितली होती. तरी मी पूर्ण मानलं नाही. पुढच्या आठवड्यात ती नवी कापडं धुऊन माझ्या टेबलावर आली, मऊ, रंग जरा उतरलेला. त्यांचा पहिला गठ्ठा कोणाला जातो हे मी नीट बघितलं. बार्शीटाकळीच्या एका शेतमजुराला गेला. मला दाखवायला म्हणूनही दिला असेल.

बहीण मात्र ऑपरेशनच्याच संध्याकाळी उठून चालत संडासला गेली. चहा प्याली. गॅसची भूल घेतलेल्यांसारखी ती ओकली नाही. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, घरी जा. मला वाटलं, खाट रिकामी करायची घाई. मी तिला विचारलं, तुला खरंच बरं वाटतं का, का त्यांनी म्हणायला सांगितलं?

"मले भूक लागली, ताई," ती म्हणाली. "एवढंच कोणी सांगितलं नाई."

आठव्या दिवशी रजा काढून मी नांदगाव पेठेला गेले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी आत नेऊन तिला आडवं केलं, पट्टी सोडवली आणि नाक जवळ नेलं.

"कुत्र्यावानी हुंगून काय राह्यली वं!"

"चूप बस."

वास नव्हता. औषधाचा होता, आईच्या पट्टीचा तो नव्हता. टाक्यांच्या कडा कोरड्या, जराशा लाल. मी बोटानं आजूबाजूला दाबून बघितलं. ती "आई गं" म्हणाली नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं, कपाट, हळद, खळ. तोपर्यंत तिला अर्धंच माहीत होतं. ती ऐकत राहिली आणि पोट धरून हसायला लागली.

"टाके तुटतीन ना मह्ये! अवं, मी खळीच्या खात्यातच त काम करतो! सुताले खळ आमीच मारतो. पिठाच्या भांड्यातून काढल्यावानी सूत निघते थे. कोऱ्या कापडाले आधी दोन पाणी दाखवा लागते, हे तू मले एका फोनवर विचारलं असतं त मी सांगितलं असतं."

खरंच, मी विचारलं नव्हतं. दवाखान्यात कोणाला नाही, आणि हिलाही नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आमच्याच दवाखान्यातून होता. मी तिला खूण केली, आवाज मोठा कर. मला ऐकायचं होतं काय विचारतात आणि काय लिहितात.

"आठ दिवस झाले. जखम कशी आहे?" मोठ्या सिस्टरांचा आवाज. "पाणी, पू, लाली, ताप?"

"मले काय दिसते, सिस्टर? मही ताई बसली इथं. तिनं आत्ताच हुंगली," बहीण म्हणाली आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"मावशी, तुम्ही तिथे आहात का? मग तुम्हीच सांगा. नीट बघून सांगा. मी तुमच्या नावानं लिहिते."

मी फोन एका हातात धरून पुन्हा वाकले. पुन्हा बघितलं. खिडकी उघडायला सांगितली, उजेडात बघितलं. सिस्टर फोनवर थांबल्या होत्या, घाई केली नाही.

"कोरडी हाय," मी म्हटलं. "वरच्या टाक्यापाशी थोडी लाल हाय. लाल लिहा."

"लिहिते."

दुसऱ्या दिवशी अकोल्याला आल्या आल्या मी ती वही उघडली. या वेळी सिस्टर समोर बसलेल्या असताना. बहिणीच्या नावापुढे लिहिलं होतं, "कोरडी. वरच्या टाक्याजवळ थोडी लाल. मावशींनी पाहिली." मी सांगितलं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. त्याच्या पुढचा रकाना महिन्याचा आहे. जाळी महिन्यानंतरही पिकू शकते, असं साहेब कोणाला तरी सांगत होते ते मी ऐकलं आहे.

तो रकाना अजून रिकामा आहे. येत्या रविवारी महिना होतो. फोन दवाखान्यातून जाईलच, पण मी सकाळच्या एसटीनं नांदगाव पेठेला जाणार आहे. बहिणीला सांगून ठेवलं आहे, मी येऊन बघेपर्यंत फोनवर काही सांगू नको.